कुंडलचा पोवाडा आणि गदिमांचे चित्रगीत

1942 च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे कुंडल हे प्रमुख ठाणे होते. गाव औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांना तेथे थेट हात घालता येत नसे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्येच प्रजेच्या हाती स्वराज्याचा कारभार दिला होता, आणि भूमिगतांना अशा भूमीचा मोठा आधार होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या चळवळीतील तुफान सेना जी. डी. बापू लाड यांनी याच परिसरात बांधली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी या सेनेने लुटली.

अशा काळात वर्तमानपत्राचे काम पोवाडा करतो. डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या साहित्यावर रात्रीतून गाव जागवता येते, आणि पहाटेपर्यंत शाहीर पुढच्या गावाला निघून गेलेला असतो. कुंडल भागात हे काम शाहीर शंकरराव निकम यांनी केले. त्यांना पोवाडे लिहून देणाऱ्या तरुणाचे नाव होते गजानन दिगंबर माडगूळकर, म्हणजेच गदिमा. 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे येथे जन्मलेल्या गदिमांचे वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड कुंडलला होते. ‘शाहीर बोऱ्या भगवान’ या टोपणनावाने त्यांनी त्या दिवसांत पोवाडे रचले.

पोवाड्याची शिस्त कडक असते. ऐकणारा उघड्यावर, गर्दीत बसलेला असतो. त्याला ओळ पुन्हा वाचता येत नाही, म्हणून ती पहिल्या झटक्यात कळली पाहिजे. झीलकऱ्यांनी उचलावी असे पालुपद हवे, आणि प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणारे बोलीतले शब्द हवेत. गदिमांची लेखणी या शिस्तीत तयार झाली. पुढे त्यांच्या गीतांत जो सोपेपणा दिसतो, तो बाजारासाठी नंतर घेतलेला नाही. त्याचे मूळ येथे आहे.

चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध आधीच जुळला होता. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांनी लहानशी भूमिका केली, आणि 1942 मध्ये ‘पहिला पाळणा’ व ‘भक्त दामाजी’ यांसाठी गीते लिहिली. खरे वळण आले ते 1947 च्या ‘रामजोशी’ने. सोलापूरच्या शाहिराच्या जीवनावरील हा चित्रपट राजकमलने काढला. त्यात वसंत देसाईंचे संगीत होते, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर प्रमुख भूमिकांत होते. स्वातंत्र्याच्याच वर्षी शाहिरी फडावरून पडद्यावर आली. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाने या प्रवाहावर लोकप्रियतेची मोहर उमटवली, पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो 131 आठवडे चालला, आणि त्यातली गदिमांची लावणी आशा भोसले यांच्या आवाजात घरोघर पोहोचली.

या यशावर आक्षेप दोन बाजूंनी आले. लोककलेची आस्था असणाऱ्यांना वाटे, की चित्रपटाने तमाशाला पांढरपेशा प्रेक्षकांसाठी घासूनपुसून घेतले आणि त्यातला कलावंतांच्या जगण्याचा खरखरीतपणा काढून टाकला. या म्हणण्यात तथ्य आहे. पोवाड्यात गावाचे, शत्रूचे आणि कालच्या घटनेचे नाव असते. चित्रगीतात ती नावे उरत नाहीत. दुसरा आक्षेप साहित्याच्या दरबारातला होता. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर समीक्षेचे लक्ष नवकवितेकडे गेले होते. ‘सत्यकथा’सारख्या मासिकातील चर्चेला संदिग्ध, आत्ममग्न कविता मोलाची वाटे, आणि प्रसंगानुसार, चालीवर लिहिलेले गीत कवितेच्या खालच्या पायरीवर ठेवले जाई. 1956 मध्ये ‘जोगिया’ हा संग्रह येऊनही ‘गीतकार’ हा शिक्का सहज पुसला गेला नाही.

बंडाच्या गाण्याने लोकप्रिय वाट धरली की समीक्षक बिथरतात, हे इतरत्रही दिसते. लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक वाद्यवृंदाने 1977 मध्ये सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा पंक संपले असे मार्क पेरी या समीक्षकाने जाहीर केले. दोनच वर्षांनी आलेल्या ‘लंडन कॉलिंग’ने रेगे, स्का आणि पॉप आपलेसे केले, आणि तो संच आज त्यांचे सर्वोत्तम काम मानला जातो.

गदिमांच्या बाबतीत हा निकाल ‘गीतरामायणा’ने दिला. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, सुधीर फडके यांच्या चाली आणि वर्षभरात 56 गीते असा तो उपक्रम होता. प्रत्येक गीत कथेतल्या एखाद्या पात्राच्या किंवा निवेदकाच्या तोंडी आहे, आणि पहिल्या ऐकण्यात उलगडते. पोवाड्याचेच हे तंत्र भक्तिरसात उतरले होते. 1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 1973 मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. ज्या साहित्यविश्वात चित्रगीताला दुय्यम मानले जाई, त्याच विश्वाने हा मान दिला. 14 डिसेंबर 1977 रोजी गदिमा गेले.

तरीही त्यांच्या मूल्यमापनात पोवाड्यांचा अध्याय दोन ओळींत आटोपतो. ‘रामजोशी’ आणि ‘गीतरामायण’ यांची भाषा कोठून आली हे सांगायचे, तर सुरुवात कुंडलच्या डफापासूनच करावी लागेल.