आण्यांतून दशांशाकडे : चांदा जिल्ह्यातील हिस्सेमापन आणि अपूर्णांकांचे रूपांतर

दशांश अपूर्णांकाचे व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर हा शालेय अंकगणितातील एक किरकोळ घटक मानला जातो. दशांशचिन्हापुढे जितके अंक तितकी शून्ये एकावर देऊन छेद मांडावयाचा आणि अंश व छेद यांना त्यांच्या मसाविने भागावयाचे, एवढीच त्याची रीत. ०.३७५ म्हणजे ३७५/१०००, अर्थात ३/८. भारतीय गणितात या संक्षेपास ‘अपवर्तन’ अशी संज्ञा आहे. मात्र हाती आलेला दशांश पूर्ण आहे की आसन्न, हा प्रश्न या रीतीत विचारलाच जात नाही. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील जमीनव्यवहार पाहिल्यास या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते.

मध्यप्रांतात समाविष्ट असलेल्या या जिल्ह्याच्या मोठ्या भागात मालगुजारी पद्धती होती. पूर्वेकडील अरण्यमय प्रदेशात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या. मालगुजारी गावाची मालकी ‘सोळा आणे’ धरून हिस्सेदारांचे भाग आणे-पैंत सांगितले जात. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. या संख्येच्या अवयवांत दोन सहा वेळा आणि तीन एकदा येतो. परिणामी पाव, अर्धा, पाऊण हे भाग तर निघतच, शिवाय तिसरा हिस्साही बाकी न राहता निघे. तीन भावांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास ५ आणे ४ पै येत. त्यांची बेरीज नेमकी सोळा आणे होई. व्यवहारातील अपूर्णांकासाठी ही परिमाणे किती विचारपूर्वक घडली होती, हे यावरून दिसून येते.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी व जमीनदारी हक्क संपुष्टात आले. पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती अमलात आली. आता शंभराच्या अवयवांत दोन आणि पाच एवढेच. ज्या संक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात याखेरीज अन्य मूळ अवयव असेल, त्याचा दशांश संपत नाही. एकतृतीयांश ०.३३३... असा आवर्ती होतो. तो दोन स्थळांपर्यंत ०.३३ असा लिहिला, तर उलट रूपांतरात ३३/१०० मिळतात. या अपूर्णांकाचे अपवर्तन होत नाही, म्हणून तो निर्दोष भासतो. परंतु तीन वाटे मिळून ९९/१०० होतात. शंभर हेक्टरांच्या वाटणीत एक हेक्टर कोणाचाच राहत नाही! मूळ १/३ परत मिळवावयाचा तर संख्या आवर्ती आहे हे आधी ठाऊक हवे. मग क्ष = ०.३३३... मानून त्याच्या दसपटीतून क्ष वजा केला की ९क्ष = ३ हे समीकरण हाती येते.

छेदात तीन नसलेल्या रकमाही अडचणीतून सुटल्या नाहीत. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. विनिमयात तो ६ धरला गेला. तीन आणे १८.७५, ते १९ झाले. ०.०६ चे संक्षिप्त रूप ३/५० येते, १/१६ नव्हे. एकेक आणा स्वतंत्रपणे सोळा वेळा बदलणाऱ्याला ९६ नवे पैसेच मिळत. चार, आठ आणि बारा आणे मात्र २५, ५०, ७५ असे अचूक बदलले. पावकी, निमकी, पाउणकी पाठ असलेल्या पिढीला हे तीन आकडे वेगळे शिकवावे लागले नसावेत.

दशांशातच जन्मलेल्या संख्येची गोष्ट निराळी. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली १८०९.६१ हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. येथील ०.६१ म्हणजे ६१/१००. ६१ ही मूळ संख्या असल्याने याहून संक्षिप्त रूप नाही, आणि छेदातील शंभर म्हणजे हेक्टरातील शंभर आर. हा आकडा मोजणीचा आहे, वाट्याचा नव्हे. हक्क सामूहिक असल्याने त्याचे तीन भाग पाडण्याचा प्रसंगही येत नाही.