पितळी नावपट्ट्या, त्यांच्या प्रतिकृती आणि यंत्रेतिहासाचे प्रामाण्य : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना

जुन्या इंजिनावर निर्मात्याची पितळी नावपट्टी रिव्हेटने बसविलेली असे. व्यवहारात तिला ‘नेमप्लेट’ म्हणतात. निर्मात्याचे नाव व गाव, कारखान्याचा अनुक्रमांक, अश्वशक्ती आणि दर मिनिटाचे फेरे असा मजकूर तीवर असतो. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत लोखंड झपाट्याने गंजते, पितळ मात्र बराच काळ टिकते. परंतु मोडीच्या बाजारात पितळेला लोखंडापेक्षा अधिक भाव मिळत असल्याने नावपट्टी अनेकदा इंजिनाच्या आधी नाहीशी होते. अशा हरवलेल्या पट्ट्यांच्या प्रतिकृती हौसेने तयार करण्याचा छंद ब्रिटनसारख्या देशांतील यंत्रसंग्राहकांत रुजला आहे. या छंदामुळे इतिहासाची साधने जपली जातात की संदिग्ध होतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात रायगडच्या संदर्भात केला आहे.

रायगडमधील यंत्रयुगाच्या खुणा

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यास १ जानेवारी १९८१ पासून रायगड हे नाव मिळाले. या भाताच्या जिल्ह्यात यंत्रयुग पोचले ते बंदरांना लागणाऱ्या आगबोटी, भातगिरण्यांची तेल-इंजिने आणि स्वातंत्र्योत्तर काळात कोळी समाजाच्या होड्यांवर बसलेली डिझेल इंजिने यांच्या रूपाने. या छोट्या यंत्रांचे दप्तर फारसे कोणी ठेवले नाही. त्यामुळे यंत्रावरील नावपट्टी हाच पुष्कळदा त्यांचा एकमेव लेखी पुरावा ठरतो.

जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील उदाहरण अधिक बोलके आहे. नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेल्या या ६१० मि.मी. रुंदीच्या मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची बाष्पइंजिने आणण्यात आली. ती पुढे ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ओळखली गेली. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन ब्रिटनमधील लेटन बझर्ड येथील रेल्वेकडे गेले. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ७४० हा रेल्वेमार्गावरील क्रमांक होय, तर कारखान्याचा अनुक्रमांक त्याहून वेगळा असतो. यंत्र आपल्या जागेपासून इतके दूर गेल्यावर त्याची ओळख अशा क्रमांकांवरच अवलंबून राहते.

नावपट्टीचे वाचन

अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख मराठीच्या प्रारंभिक लेखांत गणला जातो. अशा लेखांचे किंवा ताम्रपटांचे प्रामाण्य लिपी, नामनिर्देश, स्थळनामे व कालोल्लेख यांच्या आधारे तपासण्याची पद्धत अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तीच पद्धत नावपट्टीसही लागू पडते. रस्टन, प्रॉक्टर आणि रिचर्ड हॉर्न्सबी या इंग्लंडमधील दोन कंपन्या १९१८ मध्ये एकत्र आल्या. त्यामुळे ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ असे नाव असलेली पट्टी त्यापूर्वीची असू शकत नाही. नाझी राजवटीत ओरेनस्टाइन अँड कॉपेलच्या ज्यू संस्थापक कुटुंबाची मालकी हिरावून घेण्यात आली व १९४० च्या सुमारास कंपनीचे नावही बदलले गेले. युद्धानंतर जुने नाव परत आले. म्हणजे नावातील बदल हा राजकीय इतिहासाचाही पुरावा असतो. स्थळनामांचेही तसेच आहे. १९८१ पूर्वीच्या पट्टीवर जिल्हा म्हणून ‘रायगड’, किंवा १९९५ पूर्वीच्या इंग्रजी पट्टीवर ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ आढळल्यास संशयास जागा राहते.

प्रतिकृतीची प्रक्रिया

प्रतिकृती प्रामुख्याने दोन पद्धतींनी तयार होते. उठावाच्या अक्षरांची पट्टी वाळूच्या साच्यात ओततात. थंड होताना पितळ सुमारे दीड टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा घ्यावा लागतो. मूळ पट्टीच नमुना म्हणून वापरली, तर २०० मि.मी. लांबीची प्रतिकृती सुमारे ३ मि.मी. आखूड निघते. दुसऱ्या पद्धतीत पत्र्यावरील राखावयाचा भाग रोधक लेपाने झाकून उघडा भाग फेरिक क्लोराइडने खोदतात आणि खोलगट जागेत काळा रंग भरतात. मूळ कारखान्यात अनुक्रमांकाची जागा कोरी ठेवून आकडे नंतर पोलादी ठशांनी ठोकत. त्यामुळे ते किंचित वरखाली असतात. प्रतिकृतीत मात्र आकडे उरलेल्या मजकुरासोबतच खोदले गेल्यास ते एका रेषेत दिसतात. अभ्यासकाला अस्सल व नक्कल ओळखण्यास या दोन्ही बाबी उपयुक्त ठरतात.

प्रामाण्याचा प्रश्न

इंग्लंडमधील डर्सली येथे लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास सीएस प्रकारचे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोट परिसरातील कारखान्यांत तयार झाली. अशा इंजिनावर लिस्टरची प्रतिकृती-पट्टी बसविल्यास शोभा वाढेल, परंतु भारतीय लघुउद्योगाच्या कर्तृत्वाची नोंद पुसली जाईल. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी किंवा साताऱ्याचे कूपर यांनी उभारलेली यंत्रपरंपरा पाहता ही हानी लहान नव्हे. प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी, विज्ञान वा कारागिरीची निदर्शक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पट्टीवरील वर्ष बदलले की वस्तूच्या या स्थानाविषयीही गोंधळ निर्माण होऊ शकतो.

म्हणून प्रतिकृतीच्या मागील बाजूस ‘प्रतिकृती’ हा शब्द व निर्मितीचे वर्ष ठशाने उमटविणे, मूळ अनुक्रमांकाचा पुरावा नसल्यास ती जागा कोरी ठेवणे आणि मूळ पट्टी उपलब्ध असल्यास तिचे छायाचित्र व मापे नोंदवून ती जतन करणे, हे तीन नियम आवश्यक ठरतात.

समारोप

प्रतिकृती तयार करणारा हौशी कारागीर नकळत अभिलेखपालाचे काम करीत असतो. त्यासाठी त्याला मूळ मजकूर शोधावा, मोजावा व पडताळावा लागतो. ही पडताळणी लिहून ठेवली तर त्याचा छंद इतिहासाला साहाय्यभूत होतो, आणि ती लपविली तर त्यातून बनावट साधन जन्मास येते. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी भातगिरण्या व बंदरांतील शिल्लक नावपट्ट्यांची छायाचित्रांसह नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास त्या मोडीत जाण्यापूर्वी स्थानिक यंत्रेतिहासाचे एक विश्वसनीय साधन हाती राहील.