जेरघाटची मराठी आणि उत्तर फ्रिसिया

उत्तर जर्मनीतील फ्रिसियन लोकांचा मुलूख आणि आमचे सावरगाव यांत पाहणाऱ्यास साम्य दिसणार नाही. तिकडे समुद्राला बांध घालून मिळविलेली सपाट भूमी, पुराच्या भयाने मातीच्या उंचवट्यांवर बांधलेली घरे, १३६२ च्या महापुरात बुडालेले रुंगहोल्ट. इकडे जाम नदी, कपाशी आणि संत्र्याच्या बागा. तरीही दोहोंचे दैव सीमेने ठरविले. तेथे १९२० च्या लोकमताने डेन्मार्क व जर्मनी यांची सीमा ठरली, येथे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने.

सौंसर-पांढुर्ण्याच्या या प्रदेशास जुन्या सरकारी कागदांत जेरघाट, म्हणजे घाटाखालचा मुलूख, म्हटले आहे. याचे पाणी कन्हान नदीवाटे नागपूरच्या मैदानाकडे जाते. सोयरिकी आणि बाजारही त्याच वाटेने जात आले. देवगडच्या बख्त बुलंदाने नागपूर वसविले, पुढे भोसल्यांचे राज्य आले, १८५४ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. नागपूरशी नाते मात्र तुटले नाही. ते तुटले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जिल्हा हे एकक धरल्यामुळे हिंदीबहुल छिंदवाड्याबरोबर मराठी जेरघाटही मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये याच घाटाखालच्या भागाचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तो सदुसष्ट वर्षे आधी झाला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. आम्हांस तो विचारल्यावाचून राहवत नाही.

बाहेरच्या जगास आमची ओळख एकच, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचे झाड उभे करतात आणि दोन्ही तीरांवरून दगड चालतात. माणसे जायबंदी होतात, प्रसंगी दगावतातही. पळविलेल्या मुलीची कथा लोककथा म्हणूनच घ्यावी. पण तेवढ्यावर एका मुलखाची बोळवण व्हावी, हे आम्हांस रुचत नाही.

फ्रिसियन बोलणारे तेथे आता काही हजारच उरले. हुसुमच्या थिओडोर स्टॉर्मने आपली किनाऱ्यावरील प्रसिद्ध कथा १८८८ मध्ये लिहिली तीही जर्मन भाषेत. परंतु ब्रेडस्टेट येथे या भाषेसाठी संस्था आहे, आणि २००४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनने तिच्यासाठी कायदा केला. फ्रिसियनला स्वतःचे राज्य नाही, म्हणून तिची काळजी घेतली गेली. मराठीला राज्य आहे, आणि ते वरुड-नरखेडपाशी सुरू होते; म्हणून सीमेअलीकडच्या मराठीचे काय होते, हे विचारण्याचे कोणास कारण वाटत नाही. राज्याचा कारभार हिंदीत चालतो. घरात आजी नातवाशी अजून मराठीत बोलते, आणि नातू पुष्कळदा हिंदीत उत्तर देतो.