वाङ्मयचौर्याच्या आकलनातील सांस्कृतिक भेद

दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा संशोधन श्रेयनिर्देश न करता स्वतःचे म्हणून मांडणे यास वाङ्मयचौर्य म्हणतात. श्रेयनिर्देश कोठे आवश्यक आहे, पाठ केलेले वाक्य कोणाचे मानावे आणि शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला होतो काय, यांविषयी निरनिराळ्या देशांतील व शिक्षणपद्धतींतील विद्यार्थ्यांच्या समजुती सारख्या नसतात. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा भेद अभ्यासाचा विषय झाला. एखादे कृत्य फसवणूक ठरते की अपुऱ्या शिक्षणाचा परिणाम, यावर विद्यार्थ्याची पदवी अवलंबून असू शकते. त्यामुळे या चर्चेला व्यावहारिक महत्त्व आहे.

संज्ञा

'प्लेजिअरिझम' हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतून आला. माणसे वा गुलाम पळवून नेणारा, असा मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शिअल याने तो आपल्या कविता स्वतःच्या म्हणून सांगणाऱ्यास उद्देशून योजला. मराठीत 'वाङ्मयचौर्य' हा ग्रांथिक, तर 'उचलेगिरी' हा बोलीतील शब्द रूढ आहे. 'कॉपी' या शब्दाने प्रामुख्याने परीक्षेतील नक्कल सूचित होते.

वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग या भिन्न गोष्टी आहेत. प्रताधिकाराची मुदत संपलेल्या ग्रंथातील मजकूर छापणे कायद्याने गैर नसते; परंतु तो स्वतःचा म्हणून छापणे हे वाङ्मयचौर्यच ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शब्दांच्या मालकीची जाणीव केवळ युरोपात होती, हा समज टिकणारा नाही. नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' ग्रंथात दोन कवींच्या रचनांतील साम्याचे प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे असे तीन प्रकार सांगितले. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांचा सविस्तर विचार केला. अरबी काव्यशास्त्रात 'सरिका', म्हणजे चोरी, या नावाने हाच विषय चर्चिला गेला. चिनी भाषेतही लेखनातील चोरीसाठी स्वतंत्र निंदाव्यंजक शब्द आहे.

मराठीत ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस व्यास आणि भाष्यकार यांचा ऋणनिर्देश केला आहे. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. येथे चिंता लेखकाच्या हक्काची नसून पाठाच्या शुद्धतेची होती.

श्रेय देण्याची रीत मात्र वेगवेगळी होती. संस्कृत टीकाकार पुष्कळदा ग्रंथकाराचे नाव न घेता वचन उद्धृत करीत, कारण वाचकाला ते ठाऊक असणार हे गृहीत असे. तेथे नाव न घेणे म्हणजे लपविणे नव्हे. युरोपातही अनुकरण हा दीर्घकाळ लेखनशिक्षणाचा पाया होता. ब्रिटनमधील १७१० चा प्रताधिकार कायदा आणि त्यानंतर रूढ झालेली स्वतंत्र प्रतिभेची कल्पना यांमुळे लेखकाच्या मालकीचा आधुनिक विचार तेथे दृढ झाला.

विद्यापीठीय चर्चा

ॲलिस्टर पेनिकुक यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे या चर्चेला चालना मिळाली. चीनमध्ये शिकवीत असताना त्यांनी विद्यार्थ्यांना एखाद्या व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले. एका विद्यार्थ्याने पूर्वी पाठ्यपुस्तकातून पाठ केलेला अब्राहम लिंकनविषयीचा मजकूर लिहून दिला. त्यात त्याला काही गैर वाटले नव्हते; आधीच येत असलेला विषय मिळाला याचा त्याला आनंद वाटला होता. स्मरण, भाषाशिक्षण आणि मालकी यांचे नाते सर्वत्र सारखे मानता येत नाही, असे पेनिकुक यांचे प्रतिपादन होते.

संस्कृती हेच वाङ्मयचौर्याचे कारण आहे, या मताला आक्षेपही घेतले गेले. कॉलिन सोडेन यांनी २००५ मध्ये बहुभाषक विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक धारणांकडे लक्ष वेधले. त्यावर चीनमध्ये शिकलेल्या दिलिन लिऊ यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. उचलेगिरी चीनमध्येही निंद्य मानली जाते. लेखनाचा अपुरा सराव आणि परकी भाषा ही अधिक महत्त्वाची कारणे आहेत, असे त्यांनी मांडले. फान ले हा यांनी २००६ मध्ये व्हिएतनामच्या संदर्भात असाच आक्षेप घेतला.

युरोपातील घटनाही या आक्षेपांना पुष्टी देतात. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट २०११ मध्ये आणि हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांची २०१२ मध्ये प्रबंधातील उचलेगिरीमुळे रद्द झाली. दोघांनाही पद सोडावे लागले.

ठिगळलेखन

मूळ वाक्यातील काही शब्द बदलून, काही गाळून आणि रचना थोडी फिरवून मजकूर तयार करण्यास अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी 'पॅचरायटिंग' म्हटले. मराठीत त्यास ठिगळलेखन म्हणता येईल. नवा विषय पुरता न समजलेला विद्यार्थी या अवस्थेतून जातो. म्हणून ती शिकण्याची पायरी मानावी, गुन्हा मानू नये, असे त्यांचे मत आहे. डायेन पेकोरारी यांनी २००३ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांतील १७ परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लेखन त्यांनी वापरलेल्या मूळ साधनांशी ताडून पाहिले. त्यांच्या लेखनात ठिगळे आढळली, परंतु फसविण्याचा हेतू दिसला नाही.

भारतातील स्थिती

भारतीय शालेय शिक्षणात पाठांतराला मोठे स्थान आहे. महाराष्ट्रात गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि निबंधांची पुस्तके यांतील उत्तरे जशीच्या तशी लिहिली तरी गुण मिळतात, हा अनेकांचा अनुभव असतो. ज्या सवयीबद्दल शाळेत शाबासकी मिळाली, तिच्याबद्दलच विद्यापीठात दंड होतो. मधल्या काळात संदर्भ कसा द्यावा, हे शिकविलेले असतेच असे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याविषयी विनियम लागू केले. प्रबंधातील साम्यानुसार त्यांत पुढील स्तर ठरविले आहेत:

* १० टक्क्यांपर्यंत: दंड नाही.
* १० ते ४० टक्के: सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध सादर करणे.
* ४० ते ६० टक्के: एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई.
* ६० टक्क्यांहून अधिक: नोंदणी रद्द.

श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची तसेच सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य ज्ञान वा योगायोगाचे साम्य यांतून वगळले जाते. २०१९ पासून 'शोधशुद्धी' या उपक्रमाद्वारे विद्यापीठांना साम्य तपासणारी संगणकप्रणाली पुरविण्यात आली.

साम्याची टक्केवारी आणि वाङ्मयचौर्य एक नव्हे. प्रणाली शब्दांची जुळणी दाखविते. हेतू दाखवीत नाही. इंग्रजी ग्रंथातील उतारा नाव न देता मराठीत आणला, तर शब्दसाम्याच्या तपासणीत तो सहसा सापडत नाही. तरीही ते वाङ्मयचौर्यच असते, कारण भाषांतराने भाषा बदलते, विचाराचा मूळ कर्ता बदलत नाही. प्रादेशिक भाषांतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते.

अध्यापनातील उपाय

अमेरिकेतील लेखन अभ्यासक्रमांच्या प्रशासकांच्या परिषदेने २००३ मधील निवेदनात हेतुपुरस्सर वाङ्मयचौर्य आणि साधनांचा चुकीचा वापर यांत भेद केला. दुसऱ्या प्रकारात शिक्षेपेक्षा शिक्षण उपयुक्त ठरते, असे अनेक अभ्यासक मानतात. उतारा वाचून पुस्तक मिटविणे, आशय स्वतःच्या शब्दांत लिहिणे, मग मूळ उताऱ्याशी ताडून पाहणे आणि शेवटी लेखकाचे नाव नोंदविणे, हा त्यासाठी सुचविला जाणारा साधा सराव आहे. नियम सर्वांना सारखेच लागू होतात; परंतु ते आधी शिकविलेले असतील, तरच त्यांच्या भंगाबद्दलची शिक्षा न्याय्य ठरते.

हे सुद्धा पहा

* वाङ्मयचौर्य
* प्रताधिकार
* काव्यमीमांसा
* विद्यापीठ अनुदान आयोग