पटावरील असई : युद्धखेळातील यजमानाचे कार्य

शिशाच्या लहान सैनिकांच्या साह्याने एखादी ऐतिहासिक लढाई पटावर पुन्हा लढविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत चांगला रुजलेला असून त्याकरिता ठिकठिकाणी हौशी मंडळे चालतात. मंडळातील ज्या सभासदाकडे खेळ मांडण्याची पाळी येते, तो त्या दिवसापुरता यजमान आणि पंच अशा दोन्ही भूमिका पार पाडतो. पट सजवावा, सैनिक मांडावे, नियम समजावून द्यावे, इतकेच त्याचे काम अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लढाईचा निकाल कशामुळे लागला, याविषयीचे आपले मत तो प्रत्येक मांडणीतून व्यक्त करीत असतो.

या खेळाचे मूळ प्रशियात सापडते. १८२४ मध्ये तोफखान्यातील एक तरुण अधिकारी फॉन राइसविट्झ याने आपल्या वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून ‘क्रीग्सश्पील’ची नियमावली प्रसिद्ध केली. नकाशाचे प्रमाण १ : ८००० ठेवलेले, एक डाव म्हणजे युद्धातील दोन मिनिटे, आणि हानीचा निर्णय फाशांवर. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य पंचाच्या अधिकारात आहे. खेळाडूने हुकूम लेखी द्यावयाचे आणि शत्रूचे जेवढे सैन्य दृष्टीस पडण्याजोगे असेल तेवढेच पंचाने नकाशावर ठेवावयाचे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टके व फासे बाजूस सारून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपविला. एच. जी. वेल्सच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’मध्ये मात्र खेळण्यातल्या तोफेची गोळी ज्याला पाडील तो मेला, असा रोखठोक व्यवहार आहे, तो मनोरंजक खरा, पण इतिहासाशी त्याचा संबंध थोडा. डोनाल्ड फेदरस्टोनच्या १९६२ च्या ग्रंथानंतर ऐतिहासिक लढायांकडे हौशी मंडळांचे लक्ष अधिक वळले.

यजमानापुढील अडचणी कोणत्या, हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झालेल्या असईच्या लढाईवरून चांगले कळते. केळणा नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी वेल्स्लीला सांगितले होते. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून त्याने उतार असलाच पाहिजे असा तर्क केला, आणि तो खरा ठरला. आता यजमानाने पटावर तो उतार रंगविला की लढाई संपलीच. कारण मराठ्यांच्या बाजूचा खेळाडू पहिल्याच डावात तेथे दोन पलटणी उभ्या करणार. उतार दाखविला नाही, तर वेल्स्लीच्या खेळाडूला तो सापडावा कसा? येथे राइसविट्झची जुनी रीतच उपयोगी पडते : पूर्ण नकाशा पंचाजवळ राहावा आणि खेळाडूंना केवळ गावे दिसावीत.

याहून नाजूक प्रश्न सैन्याच्या प्रतीचा. प्रचलित नियमावल्यांत प्रत्येक पलटणीला धैर्याचा व कवायतीचा अंक द्यावा लागतो. शिंद्यांच्या कवायती पायदळाला कनिष्ठ अंक देऊन मोकळे होणारे यजमान निकाल आधीच लिहून ठेवतात. पुरावा तसे सांगत नाही. वेल्स्लीने नदी ओलांडताच पोहलमानने आपली संपूर्ण रांग फिरवून उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकविली. शत्रूसमोर अशी हालचाल अडाणी पायदळाला साधत नाही. वेल्स्लीच्या बाजूस मृत, जखमी व बेपत्ता मिळून १५८४ माणसे पडली, आणि प्रत्यक्ष झुंजलेल्या त्याच्या सैन्याच्या मानाने ही हानी भयंकर होती. तोफखान्याविषयी तर नियमावलीच अपुरी पडते. तोफांवर शत्रू चालून गेला की त्या पटावरून उचलाव्या, असा सामान्य नियम. पण असईला काही गोलंदाज मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे सरकताच त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. या एका प्रसंगासाठी यजमानाने अपवाद लिहिला नाही, तर पटावरची लढाई दुसऱ्याच कोणत्या तरी देशातली होऊन बसते.

मग पराभव कशाचा? मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाचा मोठा भाग लढाईत नीटसा उतरलाच नाही. ते सर्व एकाच खेळाडूच्या हाती दिले तर तो ते बिनदिक्कत वापरील आणि बहुधा जिंकेल. घोडदळ पटावरून काढून टाकणे हा सोपा उपाय झाला, पण तो लबाडीचा आहे. त्यापेक्षा शिंदे, भोसले आणि पोहलमान यांच्या भूमिका तीन खेळाडूंना द्याव्या, त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे आणि परस्परांशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलू द्यावे. प्रत्येक चिठ्ठी पंचाने दोन डाव उशिरा पोहोचवावी. सैनिकांचे अंक मग उभय पक्षी सारखे ठेवले तरी चालतील.