कबुतरं कोण नेते?



शेजारच्या पोट्ट्याची ढाबळ आहे. होमर जातीची कबुतरं, मूर्तिजापूरहून सोडली तरी दर्यापुरात घरी येतात. मागच्या वर्षी हरभऱ्याच्या पेरणीत चार आलीच नाहीत. तो म्हणे, "काका, ससाण्यानं नेली." ससाणा नेतेच. वादळ, विजेची तार, नायलॉनचा मांजा, यांच्यानंही जातात. पण त्यातली दोन मला माझ्याच धुऱ्यावर मेलेली सापडली.

यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची विमानं निरोपाची कबुतरं सोबत नेत. किनाऱ्यावरचे बहिरी ससाणे ती मारत, म्हणून १९४० साली तिथल्या सरकारनं ससाणेच मारायचा हुकूम काढला. युद्धानंतर तो उठला. मग १९६० च्या सुमारास वेल्समधल्या कबुतरवाल्यांनी अर्ज केला, की ससाणे फार झाले, त्यांचं संरक्षण काढा. सरकारनं मोजणी लावली. डेरेक रॅटक्लिफ या अभ्यासकानं १९६१ पासून ससाण्यांच्या जुन्या जागा तपासल्या. निघालं उलटंच! १९६३ पर्यंत निम्म्याहून जास्त जागा ओस पडल्या होत्या.

कारण होतं बियाणं. शेतकरी पेरणीच्या बियाण्याला आल्ड्रिन, डिल्ड्रिन लावत. ते बी रानकबुतरं खात, त्यांना ससाणा खाई, अन् विष त्याच्या अंगात साठत जाई. डीडीटीनं अंड्यांची कवचंही पातळ झाली. १९६२ पासून त्या औषधांवर बंधनं आली, तेव्हा हळूहळू ससाणे परत दिसू लागले.

म्हणजे कबुतरवाले आभाळात चोर शोधत होते, अन् खरी गडबड वावरात होती.

आता माझं सांगतो. वाळवीसाठी औषध लावलेला हरभरा पेरला. ट्रॅक्टर वळताना धुऱ्याजवळ बी सांडलं, ते मी तसंच उघडं राहू दिलं. मेलेल्या कबुतराच्या गळ्याच्या पिशवीत तेच रंगवलेले दाणे निघाले. बाकी दोन कशानं गेली, मला माहीत नाही. पोट्ट्याला जाऊन खरं सांगितलं. तो काहीच बोलला नाही. चूप बसून राहिला, ते जास्त लागलं.

यंदा वळणावर सांडलेलं बी लगेच मातीआड करा. उरलेलं बी, रिकामी पोती उघडी टाकू नका. कबुतरवाल्यांना पेरणीचा दिवस आधी सांगा, म्हणजे ते चार दिवस ढाबळ बंद ठेवतील.