तळावलीचे संत आना चर्च : वास्तुरचना व आराखड्याचे मूळ

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी जळगाव-धुळ्याहून जुने गोवे येथे जाणाऱ्या भाविकांना आम्ही आणखी एक चर्च पाहण्यास सुचवू इच्छितो. जुन्या गोव्यापासून काही किलोमीटरांवर, तिसवाडी तालुक्यातील तळावली गावी पवित्र मरियेची माता संत आना हिच्या नावाने हे मंदिर उभे आहे.

बांधकाम : मोन्सिन्योर फ्रान्सिस्को दो रेगो यांच्या पुढाकाराने १६८१ मध्ये काम सुरू झाले व १६९५ मध्ये ते पूर्ण झाले. दर्शनी भाग पाच मजली असून दोन्ही बाजूंस मनोरे आहेत. कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्याच्या आकाराची नक्षी आहे.

आराखड्याचे मूळ : हा दर्शनी भाग जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन संघाच्या कृपामाता मंदिरावरून घेतला आहे. ते मंदिर १६०२ मध्ये पूर्ण झाले होते. १८३५ मध्ये संन्यासी संघांना मठ सोडावे लागले. देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये मंदिराची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा उरला आहे. मूळ मंदिर कसे दिसत असेल, हे जाणायचे तर तळावलीलाच यावे लागते. नगरीतील महामंदिर गेले, पण गावाने केलेले त्याचे अनुकरण टिकले.

दगड व चुना : आपल्या खानदेशात घडीव काळा दगड उघडाच ठेवतात. गोव्याचा जांभा मात्र सच्छिद्र असतो. पावसापासून रक्षणासाठी त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. बॉम जेझुस बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून तेथील दगड झिजत आहे. जुन्या वास्तूचे रूप 'सुधारताना' मूळ बांधणाऱ्यांनी ते तसे का ठेवले, हे आधी समजून घ्यावे, असा याचा बोध आहे.

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या चर्चचे नूतनीकरण करण्यापूर्वी त्यांचे नकाशे, मोजमापे व छायाचित्रे जपून ठेवावीत, अशी आमची सर्व धर्मग्रामांना विनंती आहे.

संत आनाचा सण २६ जुलै रोजी येतो. त्या सुमारास तळावलीत 'तवशांचे फेस्त' भरते. अपत्यप्राप्तीसाठी प्रार्थना करणारी दांपत्ये तेथे तवसे, म्हणजे काकडी, अर्पण करतात.